रफ कट कुणाला दाखवायचा?

दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एक इवलासा चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या कुंडीचं थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर तो अख्खा महिना जेमतेम मिनिटभरात सरकतो. दाणा रुजतो, कोंब वर येतो, बघता बघता वेल होतो. ‘अंकुराची वाढ’ हे त्याचं नाव. फाळक्यांनी तो मोजक्याच लोकांना दाखवला आणि तो पाहून यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहरे ही मंडळी कर्ज द्यायला तयार झाली. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, त्यामागे कुंडीतला हा मिनिटभराचा पुरावा होता.

त्या मिनिटात ना कथा होती, ना नट, ना देखावे. पण हा माणूस हलती चित्रं खरोखर काढू शकतो का, ही जी एकच शंका बघणाऱ्याच्या मनात होती, तिचं उत्तर त्यात होतं. तेवढंच दाखवायचं फाळक्यांनी ठरवलं आणि तेवढंच दाखवलं.

आज चांगला कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. एकांकिका स्पर्धांत तयार झालेले गट, कॉलेजातली मुलं, नोकरी सांभाळून रविवारी शूटिंग करणारी माणसं गावोगावी लघुपट करतायत. यातले बहुतेक जण आपलं काम पूर्ण होईपर्यंत झाकून ठेवतात. मग एक दिवस हॉल घेऊन, सगळ्या नातेवाईकांना बोलावून ‘प्रीमियर’ करतात. लोक टाळ्या वाजवतात, ‘मस्त झालंय’ म्हणतात आणि घरी जातात. चित्रपटात काय कळलं नाही, कुठे जीव कंटाळला, हे कुणीच बोलत नाही. आणि बोललं तरी आता उपयोग नसतो. अपुरं फुटेज लवकर दाखवणं हा मला चित्रपट बनवण्याचाच एक टप्पा वाटतो, लेखनाइतका किंवा संकलनाइतका महत्त्वाचा. शिवाय ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला परवडणारा हाच एक टप्पा आहे.

अपुरं काम दोन कारणांसाठी दाखवलं जातं आणि ती दोन्ही एकमेकांत मिसळली की घोटाळा होतो. एक कारण पैसे किंवा माणसं मिळवण्याचं. तिथे हातात असलेलं सर्वांत चांगलं तेच दाखवायचं, थोडकंच दाखवायचं. दुसरं कारण, गोष्ट लोकांपर्यंत पोचते की नाही हे बघण्याचं. तिथे उलट जो भाग आपल्यालाच लंगडा वाटतो तोच आधी दाखवायला हवा. पैसे मागायला गेलेल्या दिग्दर्शकाने सल्ला मागितला की समोरच्याला तो डळमळीत वाटतो. सल्ला मागायला गेलेल्याने जाहिरात केली की समोरचा भिडेखातर गप्प बसतो.

सत्यजित राय यांना ‘पथेर पांचाली’च्या वेळी या दोन्ही प्रसंगांतून जावं लागलं. ऑक्टोबर १९५२ मध्ये चित्रीकरण सुरू झालं तेव्हा राय कलकत्त्यात एका जाहिरात कंपनीत नोकरी करत होते आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा लावत होते. छायालेखक सुब्रत मित्र विशीतले. चित्रपटाचा कॅमेरा त्यांनी तोवर चालवलेला नव्हता. पहिल्या दिवशी काशफुलांच्या रानात अपू आणि दुर्गा या भावंडांचं चित्रण झालं. पुढच्या सुट्टीला मंडळी तिथे पोचली तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली! तो प्रसंग पुरा करायला पुन्हा फुलं येण्याच्या मोसमाची वाट बघावी लागली. राय यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, आपल्या संग्रहातल्या रेकॉर्डी विकल्या, पत्नी बिजोया यांचे दागिने गहाण पडले. जेवढं चित्रण झालं तेवढं निर्मात्यांना दाखवून झालं, पण गाणी नसलेल्या, नामवंत नट नसलेल्या चित्रपटात कुणाला रस वाटेना. अखेर बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असताना पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले.

याच काळात दोन परदेशी पाहुण्यांनी हे अर्धवट काम पाहिलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे मनरो व्हीलर कलकत्त्यात आले होते. त्यांना नुसती स्थिरचित्रं पाहूनच चित्रपट आपल्या संस्थेत दाखवावासा वाटला. नंतर हॉलिवूडचे दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन आले. त्यांना राय यांनी काही भाग जोडून दाखवला, अजून आवाज न चढवलेला. ह्यूस्टन यांना तो आवडला. एक इशारा मात्र त्यांनी दिला. पात्रं नुसती हिंडताहेत आणि काहीच घडत नाहीये असं फार वेळ चाललं, की प्रेक्षक कंटाळतो.

आता ‘पथेर पांचाली’ ज्यांनी पाहिला आहे त्यांनी आठवून बघावं. मुलांचं ते भटकणं चित्रपटात आहे, आणि ते काढलं तर चित्रपटच उरणार नाही. ह्यूस्टन चुकीचं बोलत होते असं मात्र मी म्हणणार नाही. मुका, संगीताशिवायचा तुकडा बघताना त्यांना जे वाटलं ते खरंच वाटलं असणार. पुढे रविशंकरांचं संगीत आलं, पावसाचे, आगगाडीचे, तारांच्या खांबांतल्या गुणगुणण्याचे आवाज आले आणि तेच हिंडणं भारून टाकणारं झालं. अनुभवी माणसाचा इशारा मनात ठेवायचा आणि आपल्या चित्रपटाला काय हवं ते आपण ठरवायचं, एवढी हिंमत पहिल्याच चित्रपटात राय यांच्याकडे होती. ३ मे १९५५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचा पहिला खेळ झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी खुला झाला ती तारीखही ३ मेच.

दाखवण्यासारखं फुटेज हातात यायचं तर आधी ते नीट चित्रित व्हायला हवं, आणि कमी पैशांत ते कसं करायचं याची उत्तरं प्रत्येकाने आपापली शोधली आहेत. रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी ‘एल मारियाची’ साधारण ७,००० डॉलरमध्ये केला; त्यासाठी एका औषध चाचणीत स्वतःला दाखल करून घेऊन पैसे उभे केले. कॅमेऱ्याला आवाज जोडता येत नव्हता. म्हणून शॉट झाला की लगेच नटांकडून तेच संवाद पुन्हा म्हणवून घेऊन ते वेगळे रेकॉर्ड करायचे. क्रिस्टोफर नोलन यांचा पहिला चित्रपट ‘फॉलोइंग’ मित्रांना घेऊन शनिवारी शनिवारी होत होता, कारण बाकीचे दिवस सगळे नोकरीवर. फिल्म वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक प्रसंगाची नाटकासारखी भरपूर तालीम करून घेतलेली, म्हणजे एक-दोन टेकमध्ये काम व्हावं. आपल्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ केला तो लग्नाचं शूटिंग करतात तसल्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर. तिथे ट्रॉली म्हणजे सायकल आणि क्रेन म्हणजे बैलगाडी, हे फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात बघायला मिळतं. मला त्यातल्या जुगाडापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. पार्लर चालवणाऱ्या माणसाला आपला प्रेक्षक चांगला ओळखीचा असतो. कुठल्या प्रसंगाला तो शिट्टी मारतो आणि कधी बाहेर विडी ओढायला जातो, हे त्याने रोज बघितलेलं असतं.

फोनवर शूटिंग करणाऱ्यांना दोन अडचणी हमखास येतात. पहिली दिव्यांची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. भिंतीवर काळसर पट्टे सरकताना दिसतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० असं ठेवलं की बहुतेक वेळा हे पट्टे जातात. त्यासाठी फोनचा ‘ऑटो’ बंद करून सगळं हाताने ठरवू देणारं ॲप लागतं. त्याच वेळी फोकस आणि उजेडाची पातळीही लॉक करून टाकावी. नाहीतर नटाने हात हलवला की मागची भिंत आपोआप उजळते आणि पुन्हा काळवंडते.

दुसरी अडचण आवाजाची, आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी गंभीर आहे. प्रेक्षक थोडं हलणारं, दाणेदार चित्र चालवून घेतो. न ऐकू येणारा संवाद चालवून घेत नाही. म्हणून पैसे थोडेच असतील तर आधी कॉलर माइक घ्यावा, लेन्स नंतर. तोही परवडत नसेल तर दुसरा फोन नटाच्या शर्टाच्या खिशात ठेवून त्यात आवाज रेकॉर्ड करता येतो; शॉटच्या सुरुवातीला एक टाळी वाजवली की संकलनाच्या वेळी चित्र आणि आवाज जुळवता येतात. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायचं विसरू नये म्हणून गाडीची किल्ली त्यातच ठेवायची युक्ती जुनी आहे. आणि लोकेशन सोडायच्या आधी सगळ्यांना अर्धं मिनिट अगदी गप्प उभं करून त्या खोलीचा रिकामा आवाज रेकॉर्ड करून घ्यावा. संवादातली खरखर कापली की तिथे जी पोकळी पडते ती या ‘रूम टोन’ने भरता येते. कुठलीही खोली पूर्ण शांत नसते, आणि आवाज अचानक शून्यावर गेला तर कानाला ते लगेच खटकतं.

खर्चाबद्दल एवढंच सांगतो की हौशी चित्रपटात कॅमेऱ्यापेक्षा जेवणखाण आणि येणंजाणं जास्त खातं. फुकट काम करणाऱ्या माणसांना वेळेवर आणि चांगलं जेवू घालणं ही दिग्दर्शकाची पहिली जबाबदारी. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत आणि रात्री फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामंही. पहिल्या पूर्ण लांबीच्या भारतीय कथापटाच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव ठळक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता मूळ मुद्दा. रोजचं चित्रण त्याच रात्री बघावं. सिनेमावाले त्याला रशेस म्हणतात. पण ते नटांना दाखवू नये. हौशी नट स्वतःचं नाक बघतो आणि दुसऱ्या दिवशी चेहरा जपून अभिनय करतो. बाहेरच्या माणसाला दाखवायचा तो रफ कट, म्हणजे सगळे प्रसंग क्रमाने जोडलेला, गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगणारा कच्चा चित्रपट. रंग, संगीत, नावं काहीही नसली तरी चालेल. संवाद मात्र सगळे एकसारख्या पातळीवर ऐकू यायला हवेत, कारण नाहीतर प्रेक्षक गोष्टीबद्दल न बोलता आवाजाबद्दलच बोलत बसतो. एखादा शॉट राहिला असेल तर काळ्या पडद्यावर साध्या अक्षरांत लिहावं, ‘इथे ती दार उघडते’. कोपऱ्यात धावती वेळ ठेवावी, म्हणजे बघणाऱ्याला ‘चौथ्या मिनिटाला कळलं नाही’ असं नेमकं सांगता येतं. आणि गाजलेल्या चित्रपटाचं संगीत तात्पुरतं म्हणून चिकटवू नये. डोळ्यांत पाणी आलं तर ते त्या संगीतामुळे आलं की आपल्या प्रसंगामुळे, हे मग कधीच समजत नाही.

दाखवायचं कुणाला? घरचे लोक चित्रपट बघत नाहीत, ते तुम्हाला बघतात. सोबत काम केलेल्यांना पटकथा पाठ असते; जे पडद्यावर नाही तेही त्यांना दिसतं. सिनेमावाले मित्र उपयोगाचे, पण त्यांच्यातले काही तुमच्या चित्रपटाचा त्यांचा चित्रपट करायला निघतात. म्हणून पाच-सहा जणांत गोष्टीची अजिबात कल्पना नसलेली दोन-तीन माणसं तरी हवीत. शेजारच्या काकू, बँकेत काम करणारा चुलतभाऊ, अकरावीतली एखादी मुलगी. सगळ्यांना एका खोलीत, टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर, एकदम दाखवावं. आधी गोष्ट सांगू नये, माफी मागू नये. ‘अजून कच्चं आहे, रंग आणि संगीत बाकी आहे’ एवढं पुरे.

दिग्दर्शकाने पडद्याकडे पाठ करून बसावं असं मी म्हणेन, किंवा निदान अशा जागी की चेहरे दिसतील. कुणी फोन उचलला, कुणी सावरून बसलं, दोघं एकमेकांकडे बघून पुटपुटली, ती वेळ लिहून ठेवायची. ‘अपोकॅलिप्स नाऊ’चे संकलक वॉल्टर मर्च यांच्या मते अशा खेळातून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अनोळखी माणसांत बसून आपलाच चित्रपट बघताना आपल्याला काय वाटतं ती. शंभरदा पाहिलेला प्रसंग त्या खोलीत अचानक लांबतो. कुणी काही न बोलताही कळतं की इथे कात्री लागणार.

संपल्यावर ‘आवडला का?’ हा प्रश्न विचारायचा नाही. त्याचं उत्तर ‘हो’च येतं. ‘मला गोष्ट सांगा’ असं म्हणावं आणि गप्प बसावं. समजा तुमच्या लघुपटात एक मुलगी पहाटे एसटी स्टँडवर बसली आहे. ती तालुक्याच्या गावी मुलाखतीला निघाली आहे. बघणाऱ्यांपैकी तिघांनी सांगितलं, ‘ती घरातून पळून चाललीये.’ तुम्हाला राग येईल, कारण आधीच्या प्रसंगात वडील ‘उद्या नीट उत्तरं दे’ असं म्हणाले होते. पण ते वाक्य भांड्यांच्या आवाजात बुडालं असेल, किंवा वाक्याच्या वेळी कॅमेरा मुलीच्या रडवेल्या चेहऱ्यावर असेल आणि लोकांनी शब्द न ऐकता चेहरा वाचला असेल. त्यावर खुलासा करत बसू नये. पडद्यावरचा चित्रपट त्यांनी बरोबर वाचला. तो तसाच दिसत होता. मांडीवरच्या प्रमाणपत्रांच्या फाइलचा एक जवळचा शॉट घेतला की काम भागतं, आणि तो तुमच्या घराच्या ओट्यावरही घेता येतो.

तक्रार ऐकायची, इलाज मात्र लगेच ऐकायचा नाही. मर्च यांनी यासाठी डॉक्टरी दाखला दिला आहे. रोगी म्हणतो कोपर दुखतंय, पण नस दबलेली असते खांद्यात. कोपराचं ऑपरेशन करून काही होत नाही. चित्रपटाचंही तसंच. पाच जणांनी शेवट पटला नाही म्हटलं तर दोष बऱ्याचदा शेवटात नसतो, दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला जे पेरायचं ते पेरलं गेलेलं नसतं. म्हणून ‘शेवट बदला’ हा सल्ला वहीत लिहावा, त्याच्या आधीची पंधरा मिनिटं पुन्हा तपासावीत. एकाच माणसाला जे खटकलं ते थोडं बाजूला ठेवावं. तीन जणांना एकाच वेळी जे खटकलं तिथे नक्की काहीतरी आहे. हेच काम व्यावसायिक पातळीवर गोव्यात चालतं. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने (एनएफडीसी) २००७ साली सुरू केलेल्या फिल्म बाजारात अपुऱ्या चित्रपटांसाठी वेगळी लॅब असते. तिथे अनुभवी मंडळी रफ कट बघून दिग्दर्शकाशी बोलतात.

दूरच्या माणसाला पाठवायचं असेल तर व्हॉट्सॲपवर सरळ व्हिडिओ टाकू नये. तो दाबून लहान केला जातो, अंधारातले प्रसंग चिखलासारखे दिसतात आणि लोक छायालेखकाला नावं ठेवतात. खासगी लिंक पाठवावी, शक्य असेल तर पासवर्ड लावून. जो चित्रपट नेटवर सगळ्यांसाठी खुला झाला तो काही महोत्सव स्वीकारत नाहीत, तेव्हा नियम आधी वाचावेत. नटांची, आणि लहान मुलं असतील तर त्यांच्या आईवडिलांची, परवानगी घेतल्याशिवाय एकही तुकडा बाहेर पाठवू नये. विश्वासाने आपला चेहरा तुमच्या हाती दिलेल्या माणसाचं ते देणं आहे.

दाखवून झाल्यावर दुरुस्तीला जागा हवी. म्हणून सुरुवातीलाच वेळापत्रकात आणि बजेटमध्ये एक दिवस जास्तीच्या शूटिंगसाठी राखून ठेवावा. कपडेपट परत करू नये, नायकाला केस कापू देऊ नयेत. मोठ्यांनाही हे चुकत नाही. ‘जॉज’चा चाचणी-खेळ होऊन गेल्यावर स्टीव्हन स्पीलबर्ग यांना वाटलं, बुडालेल्या होडीच्या भोकातून मुंडकं बाहेर येतं त्या प्रसंगाला लोक आणखी जोरात किंचाळायला हवेत. स्टुडिओ आणखी पैसे द्यायला तयार नव्हता. त्यांनी पदरचे पैसे घातले आणि संकलक व्हर्ना फील्ड्स यांच्या घरच्या पोहण्याच्या तलावात तो शॉट पुन्हा घेतला. पाणी समुद्रासारखं गढूळ दिसावं म्हणून त्यात दुधाची पावडर कालवली. अशा दुरुस्त्या झाल्या की चित्रपट पुन्हा दाखवायचा, पण पहिल्यांदा पाहिलेल्यांना नाही. ती मुलगी मुलाखतीला चालली आहे हे काकूंना आता माहीत असतं. त्यामुळे दुसऱ्या खेळासाठी दोन-तीन नवी माणसं पहिल्यापासूनच राखून ठेवावीत, आणि तोपर्यंत त्यांना चित्रपटाचं नावही सांगू नये.